साठ हर्ट्झचा ऑक्टोबर

ऑक्टोबर लागला की भिवंडीजवळच्या मानकोलीच्या गोदामात सेलचा सीझन सुरू होतो आणि माझं डोकं फिरायला लागतं. वर तापलेला पत्रा, खाली खोक्यांचे ढीग, चिकटपट्टी ओढल्याचा चर्र आवाज, आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी सांगत येणार, ‘मॅडम, स्क्रीन येत नाही.’ मी इथे कॉम्प्युटर बघते. बघते म्हणजे काय, तर पॅकिंगच्या टेबलांवर जे म्हातारे डबे मांडून ठेवलेत त्यांच्यात धुगधुगी राखते. साहेबलोकांच्या केबिनमध्ये भिंतीएवढे पडदे आहेत, त्यांवर ते दिवसभर एकमेकांना शुभ सकाळ पाठवतात. जिथे खरं काम होतं तिथे कुठल्यातरी ऑफिसने भंगारात काढलेले मॉनिटर. कॉम्प्युटर सुरू होतो, मॉनिटरही सुरू होतो, आणि दोघांची ओळखच पटत नाही.

मग हेड ऑफिसला फोन लावायचा. तिकडचा साहेब माझं वाक्य पुरं व्हायच्या आत विचारतो, ‘रीस्टार्ट केलं का?’ या एका प्रश्नावर किती जणांचे संसार उभे राहिलेत कोण जाणे. मशीनला काय झालंय हे न बघता तिला झोपवून उठवायचं, आणि उठली की कॉलर ताठ करायची. परवा काल्हेरची शबाना, आमच्या सात नंबरच्या टेबलावर पॅकिंग करते, ती म्हणाली, ‘मॅडम, पट्टा चालू झाला ना, की स्क्रीन थरथर करती. दोपहर के बाद तो डोकाच उठतो.’ त्यावर ठाण्याहून आलेल्या इंजिनियरने जेवणाच्या सुट्टीत, खोकी पुढे नेणारा पट्टा बंद असताना, स्क्रीन पाहिली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘काही नाही हो, या बायकांना कामाचा कंटाळा असतो.’ त्याला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण जास्त राग मला स्वतःचा आला. कारण हे वाक्य मी ओळखत होते. शब्द वेगळे होते, पण एका ऑक्टोबरात मी स्वतः ते बोलले होते, आणि तेही माझ्या बापाला.

आमच्या भिवंडीत लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, आवाज कुणाला ऐकू येत नाही. तो बंद पडला की ऐकू येतो. बाहेरगावचा पाहुणा आला की पहिल्या रात्री कूस बदलत राहतो आणि सकाळी डोळे चोळत विचारतो, तुम्हाला झोप कशी लागते? आम्ही विचारतो, का, काय झालं? खटाखट, खटाखट, आठवड्याचे सहा दिवस जमीन हलत असते, भांड्यातलं पाणी हलत असतं, भिंतीवरची फोटोची चौकट तिरकी होत असते, आणि आम्ही ती येता-जाता सरळ करतो. शुक्रवारी लूमला सुट्टी. त्या दिवशी रस्त्यावर माणसं जरा मोठ्याने बोलतात असं वाटतं. खरं तर ती रोजच्याइतकंच ओरडत असतात.

पप्पा जॅकार्डचे, म्हणजे कापडात नक्षी विणणाऱ्या मागाचे, डिझाइन मास्तर होते. साडीच्या काठावर कोयरी येते, वेल येते, ती लूमच्या मनाने येत नाही, आधी कुणाला तरी ती चौकोनाचौकोनाने मांडावी लागते. एक चौकोन म्हणजे एक धागा. पप्पा आधी आलेखाच्या कागदावर रंगीत पेन्सिलीने मांडायचे, मग शेठनी कॉम्प्युटर आणला तेव्हा स्क्रीनवर मांडायला लागले. पन्नाशीच्या आसपास माऊस हातात धरायला शिकलेला माणूस. सुरुवातीला ते माऊस इस्त्रीसारखा दाबून धरायचे. पण सहा महिन्यांत असे तरबेज झाले की मालेगावचे, सुरतेचे व्यापारी ‘मास्तर का बॉर्डर’ म्हणून माल मागायचे. सव्वीस वर्षं एका कारखान्यात, आणि कोयरीचं टोक एकदाही एक धागा इकडे-तिकडे नाही. या गोष्टीचा त्यांना गर्व होता. दुसऱ्या कशाचाच नव्हता, ना कपड्याचा, ना घराचा.

शेठ म्हणजे इथल्याच जुन्या कोकणी मुसलमान घरातले, तीन पिढ्यांपासून लूमवाले. कामगारांशी हिंदी, आमच्याशी मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. माणूस चांगला होता. उगाच वाईट कशाला बोलू. तो कॉम्प्युटर मात्र भयंकर होता. पिवळा पडलेला डबा, वर पोट सुटलेला काचेचा मॉनिटर. बदलायची सोय नव्हती, कारण डिझाइनचा प्रोग्राम त्याच एका मशीनवर चालायचा आणि तो बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. हे सगळं लाकडी माळ्यावर. खाली लूमा, वर फळ्यांवर टेबल, टेबलावर तो डबा, त्यासमोर पप्पा.

त्या वर्षी मी हार्डवेअरचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता. सर्टिफिकेट लॅमिनेट करून कपाटाच्या काचेला लावलेलं. गणपतीच्या सुट्टीत एक दिवस, लूमा बंद असताना, पप्पांबरोबर कारखान्यात गेले आणि त्या डब्याची साफसफाई केली. सगळ्या वायरी काढल्या, ब्रशने रुई झटकली, पुन्हा वायरी लावल्या. रुई म्हणजे नुसती पोतंभर निघाली. पप्पा शेठना सांगत होते, ‘माझ्या पोरीनं केलं, बघा.’ आणि मी हात झटकत उभी, जणू काय रॉकेट सोडलंय.

पंधरा दिवसांनी पप्पा जेवताना म्हणाले, ‘सुजाता, ती स्क्रीन हलते गं.’

‘हलते म्हणजे?’

‘म्हणजे थरथरतंय सगळं. चौकोन एकात एक शिरतात. दुपारी जास्ती. सकाली कधी कधी बरी असते.’

माझ्याकडे उत्तर तयार होतं, वर्गात पाठ केलेलं. जुन्या काचेच्या मॉनिटरवरचं चित्र एका सेकंदात ठरावीक वेळा नव्याने काढलं जातं. साठ वेळा काढलं तर डोळ्याला थरथर जाणवते, पंच्याऐंशी वेळा काढलं तर चित्र शांत उभं राहतं. यालाच रिफ्रेश रेट म्हणतात, हर्ट्झमध्ये मोजतात. पण सुरू होताना कॉम्प्युटरने मॉनिटरला ओळखलं तरच तो पंच्याऐंशीवर जातो. ओळखलं नाही तर भीतीने साठावरच बसून राहतो. हे मी पप्पांना ताटावर बसल्या बसल्या ऐकवलं. ते भात कालवत ‘हां, हां’ करत राहिले. मला वाटलं, काय ज्ञान दिलं मी.

शुक्रवारी गेले. का शुक्रवारी, तर लूम चालू असताना माळ्यावर एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, शेठना वेळ नसतो, आणि दुरुस्ती नेहमी सुट्टीच्या दिवशी करायची हा भिवंडीचा कायदाच आहे. पंखा दुरुस्त करणारा शुक्रवारी येतो, रंगारी शुक्रवारी येतो, मग कॉम्प्युटरवालीही शुक्रवारीच. मशीन सुरू केली. स्क्रीन शहाण्या बाळासारखी उभी. सेटिंग उघडलं, मॉनिटरचं नाव अगदी बरोबर, पुढे पंच्याऐंशी हर्ट्झ. मी पप्पांकडे वळून बघितलं. ते खुर्चीच्या मागे हाताची घडी घालून उभे होते.

‘पप्पा, काय हलत नाही.’

‘आता न्हाय हलत,’ ते म्हणाले. ‘काल हलत होती.’

मी हसले. हसले, हे मला चांगलं आठवतं. चिडले असते तर परवडलं असतं.

पुढच्या शुक्रवारी शेठनी कल्याण रोडवरचा एक इंजिनियर बोलावला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड, कार्डावर त्याचा स्वतःचाच फोटो. त्याने आधी कॉम्प्युटरच्या मदतीचा चौकोन उघडला. ‘तुमचा मॉनिटर चालू आहे का?’ असा त्यातला पहिला प्रश्न. मॉनिटर बंद असता तर हा प्रश्न वाचला कुणी असता, हे ते लिहिणाऱ्या विद्वानाला सुचलं नसावं. मग गड्याने नवा ड्रायव्हर टाकला, रिफ्रेश रेट शंभराच्या वर नेऊन ठेवला, आणि स्क्रीन काळी. मधोमध एकच ओळ, आउट ऑफ रेंज. दोन तास तो सेफ मोडमध्ये शिरत होता आणि बाहेर येत होता. शेवटी जिथून सुरुवात केली तिथेच आणून ठेवलं, मागची वायर अंगठ्याने दाबून ‘एकदम टाइट’ असं जाहीर केलं आणि म्हणाला, ‘सब ओके है. अंकल को चष्मा दिखाओ.’

शनिवारी पप्पा घरी येऊन म्हणाले, ‘सकाली बरी होती. जेवायला जाताना मशीन बंद केली, गरम होते म्हणून. परत लावली तर सुरू थरथर.’

आता मी हे लिहिताना मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. माणूस काय सांगत होता, किती नीट सांगत होता. कुठल्या वाराला, किती वाजता, काय केल्यावर. एखाद्या इंजिनियरला इतकं नीट सांगता आलं असतं तर मी त्याच्या पाया पडले असते. पण ते सांगणारा सातवी शिकलेला होता आणि ऐकणारीच्या कपाटाला लॅमिनेशन लावलेलं होतं. मी म्हटलं, ‘सकाळी डोळे ताजे असतात, पप्पा. दुपारी थकतात. वय झालं आता तुमचं.’

 आमच्याकडे ऑक्टोबरात घराच्या भिंती संध्याकाळीही गरम असतात. पप्पा भिंतीला पाठ लावून बसले होते, ते तसेच उठून आत गेले.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहेत, नंबर थोडा बदललाय. एवढं स्पष्ट ऐकूनही मी नव्या चष्म्याला चार दिवस दिले. तिसऱ्या शुक्रवारी आणखी एक इंजिनियर, हा ठाण्याचा, दर जास्त आणि बोलणं कमी. त्याने स्क्रीनपेक्षा जास्त वेळ स्वतःच्या मोबाइलकडे पाहिलं. पप्पा त्याच्या बाजूला उभे राहून स्क्रीनकडे टक लावून होते. मनातल्या मनात ती हलावी म्हणून विनवत असावेत. एवढी वर्षं त्यांना मी कधी कुणापुढे असं लाचार उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. मी धरून आतापर्यंतचे तिघे शहाणे आणि एक गप्प बसलेला डबा, आणि समोर खोटा ठरलेला माणूस.

मग ती कोयरी निघाली. दिवाळीच्या मालाचा काठ होता. टोकाला एक धागा सरकला होता, आणि जॅकार्डमध्ये एकदा सरकलेला धागा अख्ख्या ताग्यात, प्रत्येक कोयरीत सरकलेलाच येतो. शेठनी तागा उलगडून पप्पांपुढे धरला. आवाज चढवला नाही. ‘मास्तर,’ म्हणाले, ‘आता डोल्यांना आराम द्या. मैं क्या बोलू तुमको.’ त्यावर पप्पाच म्हणाले, ‘दुसरा माणूस बघा, शेठ. माझ्याच्यानं न्हाय होत.’

शेठनी त्यांना काढलं नाही. खाली कापड तपासून घडी घालण्याच्या टेबलावर बसवलं. घरी येऊन पप्पांनी हे सांगितलं तेव्हा मला काय वाटलं, सांगू? सुटल्यासारखं वाटलं. चला, रोजची कटकट मिटली. असा माझा सगळा मोठेपणा.

नवा मास्तर इचलकरंजीहून यायचा होता, गुरुवारी. त्याच्यासाठी जुन्या डिझाइन्स वेगळ्या काढून ठेवायला शेठनी मला बोलावलं, म्हणून मी बुधवारी गेले. एवढ्या वर्षांत कामाच्या दिवशी त्या माळ्यावर मी पहिल्यांदा चढत होते. शिडीच्या चौथ्या पायरीवर तळपायाला मुंग्या आल्या. फळ्या थरथरत होत्या, टेबल थरथरत होतं, टेबलावर कुणाचा तरी चहाचा ग्लास होता आणि तो हळूहळू कडेकडे सरकत होता. कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. मलाही वाटलं नाही. ग्लास उचलून मी मधे ठेवला आणि मशीन सुरू केली.

स्क्रीन आली आणि थरथरू लागली. चौकोन एकात एक शिरत होते.

मी डोळे चोळले. खरंच सांगते, पहिल्यांदा स्वतःचे डोळे चोळले. मग सेटिंग उघडलं. मॉनिटरच्या नावाच्या जागी नाव नव्हतं, कॉम्प्युटरला समोर कोण आहे तेच ठाऊक नव्हतं, आणि रिफ्रेश रेटच्या यादीत एकच आकडा, साठ. मी डब्याच्या मागे हात घातला. मॉनिटरची वायर हाताला लागली. तिच्या दोन्ही बाजूंना पिळायचे दोन स्क्रू असतात, ते मोकळे लोंबत होते. लूमच्या हादऱ्याने खोबणीतून वायर तांदळाच्या दाण्याएवढी बाहेर आली होती. चित्र यायला तेवढं पुरत होतं, ओळख पटायला पुरत नव्हतं. शुक्रवारी सगळं थांबलेलं असायचं, वायर जिथल्या तिथे टेकायची आणि ओळख पटायची. कुणी अंगठ्याने दाबली की शनिवार सकाळपर्यंत टिकायची. दुपारी मशीन बंद करून पुन्हा लावली की पुन्हा अनोळखी. पप्पांनी सांगितलं होतं तसंच, वार, वेळ, सगळं.

आणि ते स्क्रू मोकळे कुणी ठेवले होते? गणपतीत वायरी काढून लावणारी एकच बाई होती. वर्गात सर म्हणाले होते, ‘नुसती खोचा, पुन्हा काढायला बरं पडतं.’ त्या सरांच्या वर्गात मजला हलत नव्हता. पण मी तर भिवंडीची होते. जिथे भिंतीवरची चौकट रोज सरळ करावी लागते त्या गावात जन्मून मी वायरीचे स्क्रू पिळले नाहीत, आणि मग थरथर शोधायला दर आठवड्याला नेमकी त्याच दिवशी गेले ज्या दिवशी काहीच थरथरत नाही. इंजिनियरांना नावं ठेवते मी. ते परके होते, पैसे घेऊन निघून गेले. मला कुठे जायचं होतं?

खालच्या फिटरकडून पेचकस आणला, दोन्ही स्क्रू पिळले, मशीन परत लावली. खाली लूमा धडधडत होत्या आणि वर स्क्रीन स्तब्ध. पंच्याऐंशी. दोन मिनिटं लागली असतील.

पप्पांना बाहेर चहाच्या टपरीवर नेलं, आत ऐकू आलं नसतं. त्यांच्या दाढीत रुई अडकली होती. मी म्हटलं, ‘पप्पा, स्क्रीन हलत होती. वायर ढिली होती. मीच ढिली ठेवली होती. तुमचे डोळे चांगले आहेत.’ मला वाटलं ते ओरडतील. ओरडावं असं फार वाटत होतं.

त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, ‘दिसत होतं गं मला. रोज दिसत होतं. पण तू शिकलेली. तू न्हाय म्हणालीस, तवा मी म्हटलं, मंग न्हायच हलत असंल.’

ते पुन्हा माळ्यावर गेले. शेठनी इचलकरंजीच्या माणसाला फोन करून येऊ नको सांगितलं, पप्पांसाठी मिठाई आणली, हात जोडले. नंतरची पाच वर्षं पप्पांनी तिथे काढली आणि काठात पुन्हा कधी चूक निघाली नाही. पण प्रत्येक डिझाइन पुरं झालं की ते माळ्याच्या कठड्यावरून खाली हाक मारायचे. फिटर असो, हमाल असो, जो मोकळा असेल त्याला वर बोलवायचे आणि स्क्रीनवर बोट ठेवून विचारायचे, ‘बघ रे, हे टोक सरळ हाय ना?’ समोरचा बिचारा काय सांगणार, तो हो म्हणायचा. तेव्हा कुठे पप्पा पुढे जायचे. हे मला फिटरने सांगितलं, कौतुकाने सांगितलं. मास्तर किती नम्र झालेत म्हणून.

शबानाच्या टेबलाची वायर मी परवा पट्टा चालू असताना तपासली आणि तारेने बांधून टाकली. बायकांना नावं ठेवणाऱ्या त्या ठाण्याच्या इंजिनियरला बांधलेल्या वायरीचा फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला. यांना एवढंच येतं.

काल संध्याकाळी घरी आले तर परतीचा पाऊस धो धो कोसळत होता. पप्पांना कोपऱ्यावर दूध आणायला जायचं होतं. ते खिडकीचे गज धरून उभे होते, हाताच्या बोटांवरून पाणी ओघळत होतं. माझी चाहूल लागली तसे वळले आणि म्हणाले, ‘सुजाता, पाऊस पडतोय ना गं?’

मी म्हटलं, ‘पडतोय, पप्पा.’

मग त्यांनी छत्री घेतली.